दोन लाइनींचा राउटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधली छोटी ऑफिसं, दवाखाने, क्लासेस आणि घरून काम करणारी माणसं यांच्याकडे नेटची जोडणी करून द्यायचं काम मी करतो. "नेट गेलं की सगळं थांबतं, दोन लाइनी घेऊ का?" असे निरोप रोज येतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. घाई असेल तर प्रश्न ४ आणि १० एवढे तरी वाचा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

१. मल्टी-वॅन राउटर म्हणजे काय? माझ्या साध्या राउटरपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

साध्या राउटरला बाहेरचं नेट आत घ्यायला एकच पोर्ट असतं, त्याला वॅन म्हणतात. बाकीची पोर्टं आतल्या संगणकांसाठी असतात, ती लॅन. मल्टी-वॅन राउटरला बाहेरच्या दोन, तीन, कधी चार लाइनी जोडता येतात. आत बसलेल्यांना मात्र एकच नेटवर्क आणि एकच वायफाय दिसतं. कुठली लाइन जिवंत आहे आणि कुणाचं काम कुठून पाठवायचं, हे राउटर ठरवतो. दोनच लाइनी लागणाऱ्याला बाजारात ड्युअल वॅन म्हणतात.

२. १०० एमबीपीएसची एक आणि १०० ची दुसरी लाइन घेतली, तर २०० चा स्पीड मिळेल ना?

एका कामाला नाही मिळणार. राउटर प्रत्येक जोडणी कुठल्या तरी एकाच लाइनवर टाकतो आणि ती संपेपर्यंत तिथेच राहते. तुम्ही एक मोठी फाइल उतरवत असाल तर ती १०० नेच उतरेल. त्याच वेळी शेजारच्या टेबलावरचा माणूस दुसऱ्या लाइनवर असेल, त्यालाही त्याचे १०० मिळतील. म्हणजे दहा जणांच्या ऑफिसात मिळून २०० वापरले जातात, एकट्याला मिळत नाहीत.

स्पीड मोजणारं ॲप कधीकधी २०० दाखवतं, कारण ते एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतं. तो आकडा बघून फाइलही तशीच उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन लाइनी खरोखर एकत्र पिळून घ्यायचा प्रकार वेगळा आहे, तो प्रश्न १५ मध्ये.

३. फेलओव्हर ठेवू की लोड बॅलन्सिंग?

फेलओव्हरमध्ये एक लाइन काम करते आणि दुसरी राखीव बसते. पहिली पडली की दुसरी पुढे येते. लोड बॅलन्सिंगमध्ये दोन्ही सतत चालू असतात आणि काम वाटून घेतात.

दहा-बारा माणसांपर्यंतच्या जागी मी फेलओव्हरच बसवतो. आजच्या फायबरच्या एका लाइनवर एवढ्या लोकांचं आरामात भागतं, आणि बँकेच्या साइटची कटकट (प्रश्न १२) व आयपी पत्त्याची, म्हणजे नेटवर तुमची लाइन ओळखणाऱ्या नंबराची, कटकट (प्रश्न १४) बरीच टळते. पंचवीस-तीस माणसं असतील आणि दोन्ही लाइनींचे पैसे बरोबरीने भरत असाल, तर एक नुसती पडून राहणं जिवावर येतं. तेव्हा बॅलन्सिंग करा. वाटणी मात्र लाइनींच्या ताकदीप्रमाणे द्या: ३०० आणि १०० च्या लाइनींना ३ ला १. राउटर मूळ सेटिंगवर सोडला तर तो कधीकधी निम्मं-निम्मं वाटतो आणि छोटी लाइन गुदमरते.

४. दुसरी लाइन कुठली घ्यावी?

राउटर घेण्याआधी विचारायचा प्रश्न हा आहे, आणि लोक तो शेवटी विचारतात.

हिशेब बघा. एखादी लाइन वर्षातला ९९ टक्के वेळ चालते असं धरा. उरलेला १ टक्का म्हणजे वर्षाला साडेसत्त्याऐंशी तास, जवळजवळ पावणेचार दिवस. तशाच दोन लाइनी घेतल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा वेळ वर्षाला ५३ मिनिटांवर येतो. फरक प्रचंड आहे, पण तो "संबंध नसेल तर" या अटीवर उभा आहे. ही अट आपल्याकडे सहसा पाळली जात नाही.

एका दवाखान्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं फायबर होतं. वर चढून बघितलं तर दोन्ही काळ्या वायरी एकाच विजेच्या खांबावर एकाच पट्टीने आवळलेल्या, तिथून एकाच आंब्याच्या फांद्यांतून येऊन खिडकीच्या एकाच भोकातून आत शिरलेल्या. पावसाळ्याआधी फांद्या छाटल्या गेल्या तेव्हा एका घावात दोन्ही तुटल्या. बाहेर पेशंटची रांग, आत रिपोर्ट उघडत नाहीत, आणि डॉक्टरीणबाई मला विचारतायत, "दोन-दोन लाइनींचे पैसे मी कशासाठी भरते?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

म्हणून दुसरी लाइन घेताना कंपनीच्या नावावर जाऊ नका. बसवायला येणाऱ्या माणसाला विचारा की वायर कुठल्या बाजूने येणार, कुठल्या खांबावरून, आणि मधला डबा कोणाच्या गच्चीवर आहे. पुष्कळ ठिकाणी मोठ्या कंपनीची लाइन गल्लीतला केबलवालाच पोचवत असतो. अशा वेळी दोन कंपन्यांच्या लाइनी एकाच माणसाच्या एकाच डब्यातून येऊ शकतात.

माझं सरळ मत: पहिली लाइन जमिनीवरून असेल तर दुसरी हवेतून घ्या. ५जी वर चालणारं एअरफायबर किंवा ४जी-५जी सिमचा राउटर. जिओ एअरफायबर २०२३ च्या गणेश चतुर्थीला मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झालं, एअरटेलचंही त्याच सुमारास आलं. तेव्हापासून हा पर्याय खूप सोपा झाला आहे. कंपनी मात्र फायबरवाल्यापेक्षा वेगळी ठेवा. एका कंपनीचं आतलं जाळं कोलमडलं तर तिचं फायबर आणि तिचा टॉवर दोन्ही एकदम जाऊ शकतात.

गावाकडे, घाटाखाली किंवा कोकणात असाल तर कुणाचं ऐकून सिम घेऊ नका. दोन-तीन कंपन्यांची सिमं ओळखीच्यांकडून मागून आणा आणि राउटर जिथे ठेवणार त्याच खोलीत, सकाळी अकराला आणि रात्री आठला स्पीड मोजा. रात्री आठचा आकडा खरा धरा.

५. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच कंपनीला वायर टाकायची परवानगी आहे. मग?

मग दुसरी लाइन सिमची. त्याला सोसायटीची परवानगी लागत नाही, खिडकीपाशी प्लग असला की झालं. गच्चीवर अँटेना बसवायची वेळ आली तर मात्र सेक्रेटरींना आधी विचारा.

६. घरासाठी एवढं कशाला? मोबाइलचा हॉटस्पॉट आहेच की.

घरात एकच लॅपटॉप असेल आणि नेट गेल्यावर हॉटस्पॉट चालू करायला तुम्ही तिथे असाल, तर खरंच गरज नाही. पैसे वाचवा.

दोघं घरून काम करत असतील, मुलांचा ऑनलाइन क्लास असेल, किंवा गावी एकटे राहणारे आईवडील कॅमेऱ्यावर बघायचे असतील, तर गोष्ट बदलते. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात बसून गावच्या घरातला हॉटस्पॉट कोण चालू करणार? अशा घरांसाठी मधला मार्ग आहे. असुसच्या बऱ्याच घरगुती राउटरांत ड्युअल वॅनची सोय असते. यूएसबी पोर्टाला डोंगल किंवा जुना अँड्रॉइड फोन जोडून तीच दुसरी लाइन म्हणून लावता येते. फोन वापरलात तर महिन्याकाठी त्याची पाठ बघत जा. कायम चार्जिंगला राहिलेल्या जुन्या बॅटऱ्या फुगतात, आणि फुगलेला फोन तसाच ठेवणं धोक्याचं आहे.

७. दोन राउटर, दोन वायफाय नावं ठेवली तर काम भागणार नाही का?

भागतं, माणूस जागेवर असेपर्यंत. पण फोनला वायफायचं सिग्नल पूर्ण दिसत असताना मागचं नेट मेलेलं असतं, मग प्रत्येकाने हाताने नाव बदलायचं. प्रिंटर एका वायफायवर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर गेला की प्रिंट येत नाही, म्हणून वेगळा फोन येतो. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

८. राउटर घेताना काय काय बघू? आणि एखादं नाव सांगा ना.

पहिलं, सगळी पोर्टं गिगाबिट (१००० एमबीपीएसची) हवीत. अजूनही १०० च्या पोर्टांचे राउटर विकले जातात. ३०० चा प्लॅन घेऊन असा राउटर लावलात तर स्पीड ९४ च्या आसपास अडकतो आणि दोष कंपनीला जातो. वायरीनेही हेच होतं: कॅट-५ई वायरीत आठ तारा असतात, गिगाबिटला आठही लागतात. कनेक्टर दाबताना एक तार जरी नीट बसली नाही तरी पोर्ट गुपचूप १०० वर उतरतं.

दुसरं, लाइन जिवंत आहे का हे राउटर लांबच्या पत्त्यावर पिंग करून, म्हणजे छोटी हाक मारून उत्तर येतं का बघून, तपासतो का. नुसतं "ड्युअल वॅन" लिहिलेलं पुरत नाही, कारण प्रश्न १० मध्ये आहे.

तिसरं, अमुक संगणक अमुक लाइनने जाईल असा नियम लिहिता येतो का. याला पॉलिसी राउटिंग म्हणतात, आणि पुढच्या अर्ध्या प्रश्नांचं औषध तेच आहे.

चौथं, जाहिरातीतला वेग सगळं चालू असताना टिकतो का. फिल्टर, व्हीपीएन (नेटवरून जाणारा खाजगी बंद मार्ग), वेगावर मर्यादा असं एकेक चालू केलं की छोट्या राउटरचा दम निघतो.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. छोट्या ऑफिसला टीपी-लिंकचा ईआर६०५ मी निःशंकपणे सुचवतो. लाइनी भरपूर लागतात आणि सेटिंग सामान्य माणसाला समजतं. त्यात वायफाय नाही, हे घेण्याआधी लक्षात घ्या. तुमचा जुना वायफाय राउटर त्याच्या पुढे लावायचा: त्यातलं डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं आणि वायर लॅन पोर्टात घालायची. शिकायची तयारी असेल तर लॅटव्हियाच्या मायक्रोटिक कंपनीचा हेक्स घ्या. पाच पोर्टांचा तळहाताएवढा डबा, पण हवं ते करून घेता येतं, आणि चुकीचंही तितक्याच सहज होतं. हौशी माणसांसाठी ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरवर घालायचं सॉफ्टवेअर आणि त्यावरचं अनेक लाइनी सांभाळणारं एमवॅन३ आहे. जुन्या संगणकात दोन-तीन नेटवर्क कार्डं घालून पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे राउटरचं सॉफ्टवेअर चालवलं तर मोठ्या ऑफिसालाही पुरतं, विजेचं बिल तेवढं वाढतं. पेपलिंक आणि ड्रेटेक जरा महागातले. नेट गेल्याचं नुकसान तासाला हजारांत असेल तिथे ते परवडतात.

९. कंपनीने दिलेला वायफायचा डबा काढून टाकायचा का?

काढू नका. फायबरमधला प्रकाश वाचणारं यंत्र तेच आहे, आणि लँडलाइन फोन बहुधा त्याच्याच पाठीतून निघालेला असतो. त्यातलं वायफाय फक्त बंद करा आणि त्याच्या लॅन पोर्टातून एक वायर तुमच्या राउटरच्या वॅनला द्या.

इथे एक सापळा आहे. दोन्ही कंपन्यांचे डबे १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन बसलेले असतात आणि पुष्कळदा तुमचा नवा राउटरही. तीन घरांना एकच घर नंबर दिला तर पोस्टमन काय करील? राउटर तसाच गोंधळतो: कधी एक लाइन दिसतच नाही, कधी दिसते पण चालत नाही. पहिल्या डब्याला १९२.१६८.१.१ राहू द्या, दुसऱ्याला १९२.१६८.२.१ द्या, आणि तुमच्या राउटरच्या आतल्या बाजूला १९२.१६८.१०.१. जोडणीतलं सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारंही हेच.

डबा ब्रिज मोडवर, म्हणजे लाइन नुसती पुढे देणारा करून, मिळत असेल तर छान. मग कंपनीचं युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये घालावं लागतं. नाही मिळालं तरी जीव टांगणीला लावू नका. डबल नॅटमुळे, म्हणजे डबा आणि राउटर दोघांनीही पत्ते बदलल्यामुळे, वेब, मेल, मीटिंग, बिलिंग यांतलं काही अडत नाही. अडतं ते बाहेरून आत यायचं काम (प्रश्न १३).

१०. मुख्य लाइन बंद पडली तरी राउटर दुसरीवर जातच नाही. राउटर खराब आहे का?

बहुधा राउटर चांगला असतो, त्याला लाइन मेल्याचं कळलेलंच नसतं.

राउटरजवळ जाऊन बघा. कंपनीच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल, म्हणजे फायबर तुटलंय. पण डब्यापासून राउटरपर्यंतची हातभर वायर ठणठणीत आहे, तिचा हिरवा दिवा पेटलेला आहे. राउटर तो हिरवा दिवा बघतो आणि म्हणतो, लाइन चालू आहे. सगळं ऑफिस मेलेल्या लाइनीवर ढकललं जातं आणि शेजारी दुसरी लाइन रिकामी बसून असते.

उपाय असा की राउटरला लांबचा पत्ता तपासायला सांगायचं. सेटिंगमध्ये ऑनलाइन डिटेक्शन, हेल्थ चेक, ट्रॅक आयपी अशी नावं सापडतील. तिथे दोन पत्ते द्या: गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. दोन्हींकडून उत्तर आलं नाही तरच लाइन मेली असं धरायचं. एकच पत्ता दिला आणि तोच नेमका गप्प झाला, तर चांगली लाइन उगाच बदलली जाईल. कंपनीच्या गेटवेचा (तुमच्या लाइनीच्या पुढच्या पहिल्या दाराचा) पत्ता देऊ नका, कारण गेटवे उत्तर देत असतो आणि त्याच्या पलीकडे अंधार असतो. मायक्रोटिकवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवा: चेक-गेटवे हा पर्याय नावाप्रमाणे फक्त गेटवे तपासतो. लांबचा पत्ता तपासायचा तर रिकर्सिव्ह राउट लिहावा लागतो.

आणखी एक कारण डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचं. काही कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर फक्त त्यांच्याच गिऱ्हाइकांना उत्तर देतात. लाइन बदलली पण संगणक अजून जुन्या कंपनीच्या डीएनएसला विचारतोय, म्हणून व्हॉट्सॲप चालतं आणि साइट उघडत नाहीत असं विचित्र दृश्य दिसतं. डीएनएस राउटरमध्येच सार्वजनिक ठेवून द्या.

११. माझं उलटं आहे. राउटर दर पाच मिनिटांनी इकडून तिकडे उड्या मारतो.

तपासणी फार कडक लावली आहे. एक पिंग चुकला की लाइन बदल, असं सेटिंग असतं. पाच-पाच सेकंदांनी पिंग, लागोपाठ चार-पाच चुकल्यावर बदल, आणि परत येताना मुख्य लाइन किमान तीन-चार मिनिटं सलग नीट चालल्यावरच, असं लावा. परत यायची घाई करण्यात काहीच फायदा नाही. तुटलेली फायबर जोडताना माणूस दोन-तीनदा जोडून-काढून बघतो, प्रत्येक वेळी राउटरने उडी मारली तर चालू मीटिंगांचा विचका होतो.

१२. बँकेच्या साइटवरून सारखं लॉगआउट होतं. दोन लाइनी लावल्यापासूनच.

लोड बॅलन्सिंग चालू असणार. साइटचं एक पान पहिल्या लाइनने गेलं, दुसरं दुसऱ्या लाइनने. बँकेला अर्ध्या मिनिटात दोन वेगळ्या पत्त्यांवरून एकच खातेदार दिसतो आणि ती सुरक्षेसाठी बाहेर काढते. बँकेचं वागणं बरोबर आहे. एका संगणकाचं सगळं काम एकाच लाइनने जाईल असं सेटिंग करा. त्याला स्टिकी सेशन किंवा पर्सिस्टन्स म्हणतात. टीपी-लिंकमध्ये ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग. ते नसेल तर पॉलिसी राउटिंगने हिशेबाचा संगणक मुख्य लाइनला बांधून टाका.

१३. दुसऱ्या लाइनवर गेलो की दुकानाचे कॅमेरे घरून दिसत नाहीत.

सिमच्या आणि बऱ्याच घरगुती लाइनींवर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. शेकडो गिऱ्हाइकं एका पत्त्यामागे बसवलेली असतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायचं कसं? राउटरच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला की समजा सीजीनॅट आहे. हे पत्ते २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवले गेले. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही.

डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याच्या) ॲपमध्ये क्यूआर स्कॅन करून जोडायची क्लाउडची सोय असते, ती कुठल्याही लाइनवर चालते. ऑफिसच्या फाइलीही घरून हव्या असतील तर टेलस्केल किंवा वायरगार्डसारखा आतून बाहेर निघणारा व्हीपीएन लावा. आणि डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदललाय ना? आजच बदला.

१४. आमचा आयपी पत्ता क्लायंटकडे नोंदवलेला आहे. लाइन बदलली की त्यांचा सर्व्हर आम्हाला आत घेत नाही.

घेणारच नाही, कारण पत्ता बदलला. दुसऱ्या लाइनीलाही स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) मिळत असेल तर तो घ्या आणि क्लायंटला दोन्ही पत्ते नोंदवायला सांगा. हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. सिमवर स्टॅटिक आयपी सहसा मिळत नाही, तेव्हा मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन ऑफिसातून तिथपर्यंत व्हीपीएन टाकायचा. लाइन कुठलीही असो, क्लायंटला त्या सर्व्हरचाच पत्ता दिसतो. भाडं दर महिन्याला आहे आणि सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो, हे आधी मोजा.

१५. मीटिंग चालू असताना लाइन बदलली तर कट होते का?

काही सेकंद चित्र थिजतं, मग झूम, मीट वगैरे आपोआप परत जोडतात. ऑफिसचा व्हीपीएन तुटतो आणि पुन्हा जोडावा लागतो. नेटवरचे टेबलफोन मात्र हट्टी असतात: लाइन बदलली तरी ते मेलेल्या लाइनीची जुनी जोडणी धरून बसतात आणि दहा-पंधरा मिनिटं मुके राहतात. लाइन बदलताना जुन्या जोडण्या पुसून टाकायचा पर्याय राउटरमध्ये असेल तर तो चालू करा.

एक सेकंदही तुटून चालणार नसेल, उदाहरणार्थ लग्नाचं किंवा सभेचं थेट प्रक्षेपण, तर बाँडिंग लागतं. त्यात तुमचा डेटा तुकडे करून दोन्ही लाइनींवरून एका लांबच्या सर्व्हरला जातो, तिथे परत शिवला जातो आणि पुढे निघतो. पेपलिंकचं स्पीडफ्यूजन किंवा स्पीडिफायचं ॲप हे काम करतं. यात एका कामालाही दोन्ही लाइनींचा वेग मिळतो, पण दोन्ही टोकांना तीच यंत्रणा लागते आणि महिन्याचा खर्च येतो. सर्व्हर मुंबईचा निवडा. सिंगापूरचा निवडलात तर प्रत्येक बोलणं तिथपर्यंत जाऊन येईल.

१६. लाइट गेली की दोन्ही लाइनी जातात. मग उपयोग काय?

तुमचे दोन्ही डबे, राउटर आणि वायफाय या चारही गोष्टींना बॅकअप हवा. तीनला दिला आणि एक विसरला तरी साखळी तुटते. इन्व्हर्टर असला तरी तो बदलताना क्षणभर झटका बसतो, डबे रीस्टार्ट होतात आणि नेट यायला दोन-तीन मिनिटं लागतात. छोटा डीसी यूपीएस लावा, तो राउटरसाठीच मिळतो आणि झटका लागू देत नाही. घेताना अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, काही राउटर ९ चे. पिन बसते म्हणून १२ चा यूपीएस ९ च्या राउटरला लावलात तर तो जळू शकतो.

आता बाहेरची बाजू. खरं फायबर तुमच्या घरापर्यंत येत असेल तर मधल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, तो नुसता प्रकाश वाटतो. पण केबलवाल्याने शेजारच्या गच्चीवर स्विच ठेवून तिथून तांब्याची वायर दिली असेल, तर त्या गच्चीवरची लाइट गेली की तुमचं नेट गेलं. बसवून घेण्याआधी विचारा: घरात येणारी वायर काचेची की तांब्याची?

१७. सिमचा महिन्याचा डेटा एका दिवसात संपला. कसा?

लाइन बदलल्याचं तुमच्या संगणकांना कळतच नाही. त्यांच्या दृष्टीने तेच वायफाय आहे, म्हणून विंडोजचे अपडेट, फोटोंचा बॅकअप, सगळं पूर्वीसारखं वाहत राहतं. क्लाउडवर चित्र पाठवणारा एक कॅमेरा २ एमबीपीएसने चालत असेल तर तासाला ०.९ जीबी खातो, दिवसाला २१ जीबीच्या वर.

राखीव लाइनीवर काय चालावं याचे नियम लिहा. बिलिंग, मेल, मीटिंग चालू. कॅमेऱ्यांचं अपलोड, टीव्ही आणि पाहुण्यांचं वायफाय बंद. सिमच्या रिचार्जची तारीखही कॅलेंडरवर मांडून ठेवा. आठ महिने गरज पडली नाही म्हणून रिचार्ज राहून गेलेलं सिम ऐन वेळी काही कामाचं नसतं.

१८. आयपीव्ही६ चालू ठेवू का?

आयपीव्ही६ म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत. दोन लाइनींच्या छोट्या जागी मी राउटरच्या आतल्या बाजूला ते बंद ठेवतो. दोन्ही कंपन्या संगणकाला आपापले पत्ते देतात, आणि लाइन पडल्यावर संगणक मेलेल्या कंपनीचा पत्ता घेऊन धडपडत राहतो. नेटवर्कची चांगली जाण असेल तर यावर उपाय आहेत, नसेल तर बंदच बरं.

१९. मागच्या पावसाळ्यात राउटरचं वॅन पोर्ट जळालं. वीज तर पडली नव्हती.

वीज जवळपास कुठेही कडाडली तरी गच्ची-गच्चीवरून येणाऱ्या तांब्याच्या लांब वायरीत झटका तयार होतो आणि तो पोर्टातून आत शिरतो. काचेच्या फायबरमधून वीज जात नाही, म्हणून तो धोका तिथे कमी. तांब्याचीच लाइन घ्यावी लागली तर तिच्यावर इथरनेटचा सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याचं अर्थिंग खरोखर जमिनीला जोडलंय का ते वायरमनकडून तपासून घ्या. गडगडाट सुरू झाला आणि काम थांबवता येण्यासारखं असेल, तर वायर सरळ काढून ठेवा. वळवाच्या दिवसांत मी स्वतः हेच करतो.

२०. सगळं नीट बसलंय हे तपासायचं कसं?

राउटरची वॅन वायर उपटून तपासू नका. तेव्हा हिरवा दिवा विझतो आणि कुठलाही राउटर ते ओळखतो. खरी परीक्षा फायबर काढून होते. डब्यात हिरव्या टोकाचा कनेक्टर असतो, तो अलगद बाहेर ओढा. टोकाच्या पांढऱ्या भागाला बोट लावू नका, त्यातून निघणाऱ्या प्रकाशाकडे बघू नका आणि लगेच टोपी लावा. लाल दिवा लुकलुकायला लागला की घड्याळ बघा. अर्ध्या मिनिटात साइट उघडायला हवी. मग एक बिल काढा, एक कार्ड स्वाइप करा, एक फोन लावा, कॅमेरा बघा. फायबर परत घाला आणि राउटर ठरलेल्या मिनिटांनीच परत येतो का ते बघा.

त्यानंतर राखीव लाइन बंद करून मुख्य लाइनवर सगळं सुरळीत राहतं का, तेही एकदा बघून घ्या. हे महिन्यातून एकदा करा. माझ्या गिऱ्हाइकांना मी पहिल्या शनिवारची संध्याकाळ नेमून दिली आहे, दुकान बंद व्हायच्या आधीची दहा मिनिटं. राउटरच्या शेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो: कुठली वायर कुठल्या कंपनीची, दोन्हींचे ग्राहक क्रमांक, तक्रारीचे नंबर, रिचार्जची तारीख, आणि खाली मागच्या तपासणीच्या तारखा पेनाने लिहिलेल्या.